कपाटांखालचे दिवे : ड्रायव्हरच्या अलीकडे आणि पलीकडे

ठाण्यातील पाचपाखाडी भागातली आमची इमारत जुनी आहे आणि त्या काळच्या बहुतेक घरांप्रमाणे आमच्याही स्वयंपाकघरात छताजवळ ट्यूबलाइटचा एकच पॉइंट काढलेला होता. ओट्यापाशी उभे राहणाऱ्या माणसाच्या पाठीमागून हा उजेड येतो, त्यामुळे सुरीखाली नेमकी आपलीच सावली पडते. भिंतीला वरची कपाटे बसवल्यानंतर तर ओट्याचा मागचा भाग, म्हणजे मिक्सर आणि मसाल्याचे डबे ठेवण्याची जागा, भर दुपारीही काळोखी वाटू लागली. आईने याबद्दल तक्रार केल्यावर पहिला विचार जास्त वॅटची ट्यूब लावण्याचा झाला, परंतु मागून येणारा उजेड वाढवला की सावली नाहीशी होत नाही, उलट ती अधिक ठळक होते. उजेड माणसाच्या पुढून, म्हणजे कपाटाच्या खालच्या फळीतून खाली यायला हवा होता, आणि त्यासाठी कमी व्होल्टेजवर चालणारी एलईडी स्ट्रिप लावायची असे आम्ही ठरवले.

सामानासाठी मी मुंबईतल्या लोहार चाळीत गेले. ठाण्यातही विजेच्या सामानाची दुकाने पुष्कळ आहेत, पण ड्रायव्हरचे, म्हणजे स्ट्रिपला लागणारा कमी दाब तयार करणाऱ्या डब्याचे, अनेक प्रकार एकाच ठिकाणी हाताळून, त्यांच्यावरील छापील मजकूर वाचून पाहायचा असेल तर ही बाजारपेठ सोयीची पडते. तिथे एका दुकानदाराने सर्वांत आधी माझ्यापुढे थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या स्ट्रिपचा गुंडाळा ठेवला. ही स्ट्रिप स्वस्त असते, तिला वेगळा ड्रायव्हर लागत नाही आणि गणपतीत किंवा दिवाळीत घराबाहेर लावलेली ती आपण सर्वांनी पाहिलेली असते. मात्र तिच्या प्लॅस्टिकच्या आवरणाआड घरातला पूर्ण दाब खेळत असतो, आणि ती जिथे कापली जाते त्या टोकावर केवळ एक प्लॅस्टिकची टोपी आपल्याला त्या दाबापासून वेगळे ठेवते. हात ओले असण्याची आणि कुकरची वाफ थेट कपाटाच्या बुडाला लागण्याची जागा म्हणजे स्वयंपाकघर. तिथे हाताच्या अंतरावर ती लावणे मला मुळीच पटण्यासारखे नव्हते.

कमी व्होल्टेजच्या स्ट्रिपचा सगळा भरवसा तिच्या ड्रायव्हरवर असतो. तो घरातील २३० व्होल्टच्या एसी पुरवठ्याचे १२ किंवा २४ व्होल्ट डीसीमध्ये रूपांतर करतो, परंतु नुसता आकडा खाली आणणे पुरेसे नाही. आत येणारी बाजू आणि बाहेर जाणारी बाजू यांच्यामध्ये विद्युतदृष्ट्या संपूर्ण फारकत असावी लागते. काही स्वस्त सर्किटांमध्ये ही फारकत नसते. त्यांच्या दोन आउटपुट तारांमध्ये मीटर लावला तर कमी व्होल्टेजच दिसते, पण त्यांपैकी एखादी तार जमिनीच्या तुलनेत थेट फेजच्या दाबावर असू शकते, आणि ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो हाच दाब. घरच्या मल्टीमीटरने ही परीक्षा खात्रीने करता येत नाही, कारण चांगल्या प्रतीच्या ड्रायव्हरमध्येही विजेतला गोंगाट गाळण्यासाठी बसवलेल्या छोट्या कपॅसिटरमुळे आउटपुट आणि अर्थिंग यांच्यामध्ये मीटरवर फसवा आकडा उमटतो. म्हणून मी छापील खुणांवर भर दिला. ‘एसईएलव्ही’ (सुरक्षित, अलग केलेला अतिकमी दाब) ही अक्षरे, दुहेरी इन्सुलेशन दाखवणारी चौकोनातल्या चौकोनाची खूण, भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचा ‘आर’पासून सुरू होणारा क्रमांक आणि त्याच्यासोबत आयएस १५८८५ हे मानक, एवढे ज्यावर स्पष्ट वाचता आले तोच ड्रायव्हर घेतला. तो स्थानिक बिननावाच्या डब्यापेक्षा बराच महाग होता. स्ट्रिपमध्ये काटकसर केली तर फार तर रंग फिका पडेल, ड्रायव्हरमध्ये काटकसर करण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे.

१२ व्होल्ट घ्यावे की २४, हा प्रश्न मी कागदावर सोडवला. आमच्या ओट्यावर चिमणीच्या डावीकडे १.८ मीटर आणि उजवीकडे १.२ मीटर अशी मिळून ३ मीटर स्ट्रिप लागणार होती. निवडलेली स्ट्रिप मीटरला ९.६ वॅट घेणारी होती, म्हणजे एकूण २८.८ वॅट. ड्रायव्हर त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपलीकडे राबवू नये असा या कामातला रिवाज आहे. त्या हिशेबाने किमान ३६ वॅट लागतात, म्हणून ४० वॅटचा ड्रायव्हर ठरला. हेच २८.८ वॅट १२ व्होल्टवर २.४ अँपिअर प्रवाह मागतात आणि २४ व्होल्टवर १.२ अँपिअर. ड्रायव्हरपासून सर्वांत लांबच्या टोकापर्यंत साधारण ५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर वायर पडणार होती. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा अवरोध किलोमीटरला सुमारे २६ ओहम असतो, म्हणून एवढ्या लांबीचा अवरोध ०.२६ ओहम. सगळा भार टोकाशीच आहे असे धरले तर १२ व्होल्टच्या मांडणीत या वायरमध्येच जवळजवळ ०.६ व्होल्ट, म्हणजे पाच टक्के दाब खर्ची पडला असता आणि दूरची स्ट्रिप मंद दिसली असती. २४ व्होल्टमध्ये हीच घट दीड टक्क्याच्याही आत राहते. वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे प्रवाह निम्मा झाला की ती चतुर्थांशावर येते. मला २४ व्होल्टच्या बाजूने झुकवणारे कारण मंद उजेडापेक्षा हेच होते.

यावर आमच्या वायरमनदादांशी माझी थोडी चर्चा झाली. ते परवानाधारक आहेत, इमारतीतली बरीचशी कामे तेच करतात आणि त्यांचे काम नीटनेटके असते.

“ताई, बारा काय नि चोवीस काय, दोन्हीला हात लावला तरी काही होत नाही,” ते म्हणाले. “एवढा हिशेब कशाला मांडताय?”

“दादा, शॉक बसणार नाही हे मला मान्य आहे. पण जोड सैल राहिला आणि तो तापला, तर तुमचा एमसीबी पडेल का?”

ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “नाही पडणार.”

हा मुद्दा मी थोडा विस्ताराने मांडते, कारण ‘लो व्होल्टेज म्हणजे सुरक्षित’ हे वाक्य ऐकून बहुतेक लोक तिथेच निश्चिंत होतात. आमची पूर्ण मांडणी चालू असताना घराच्या बाजूने ती ०.१५ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते, आणि ४० वॅटचा ड्रायव्हर पूर्ण क्षमतेने ताणला गेला तरी हा आकडा पाव अँपिअरच्या फारसा पुढे जात नाही. दिव्यांच्या सर्किटवरचा ६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, याची दखलही घेणार नाही. गळती पकडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीदेखील दोन्ही बाजूंची फारकत असल्यामुळे ड्रायव्हरपलीकडे काय चालले आहे ते पाहू शकत नाही. म्हणजे ज्या फारकतीमुळे आपण शॉकपासून वाचतो, तिच्यामुळेच डीबीमधली, म्हणजे घराच्या वीज वितरण पेटीतली, दोन्ही राखणदार उपकरणे कपाटाखालच्या वायरींच्या बाबतीत आंधळी होतात. तिथे एखाद्या जोडात १ ओहमचा अवरोध निर्माण झाला आणि त्यातून २.४ अँपिअर प्रवाह गेला, तर तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत पावणेसहा वॅटच्या आसपास उष्णता साठत राहते, आणि तेही तेलकट धूळ बसलेल्या प्लायवूडला लागून. १.२ अँपिअरवर हाच आकडा दीड वॅटच्या आत राहतो.

म्हणून डीसी बाजूचे संरक्षण डीसी बाजूलाच द्यावे लागते. ड्रायव्हरमधून निघणाऱ्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही शाखांवर मी १ अँपिअरचा एकेक काचेचा फ्यूज होल्डरसह बसवला; डावी शाखा ०.७२ आणि उजवी ०.४८ अँपिअर घेते, तेव्हा हा आकडा दोन्हींना पुरतो. वायर कुठे चेपली, कातली गेली किंवा दोन तारा एकमेकींना भिडल्या, तर हे फ्यूज उपयोगी पडतात. सैल जोड मात्र फ्यूजही पकडू शकत नाही, कारण तिथे प्रवाह वाढत नाही, किंचित घटतोच. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे जोड मुळात नीट करणे. स्ट्रिपसोबत मिळणारे चिमटीचे क्लिप-कनेक्टर मी याच कारणासाठी वापरले नाहीत. त्यांची पकड पत्र्याच्या बारीक दातांवर अवलंबून असते आणि आमच्याकडच्या दमट हवेत ते दात काळे पडतात.

ड्रायव्हर ठेवायचा कुठे, यावर घरात सर्वांत जास्त वाद झाला. सुताराचे म्हणणे होते की तो कपाटातच, डब्यांच्या मागे ठेवावा, म्हणजे दिसणार नाही. बंद कपाटात हवा खेळत नाही, ड्रायव्हर तापत राहतो आणि त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने लवकर सुकतात. शिवाय आमच्याकडे महानगर गॅसची पाइपलाइन असून तिचा मीटर उजवीकडच्या कोपऱ्यातल्या कपाटाजवळ आहे. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो आणि गळती झालीच तर तो वर, कपाटांच्या आणि माळ्याच्या दिशेने चढतो. सिलिंडरमधला वायू याच्या उलट, जमिनीलगत पसरतो. तेव्हा मीटरच्या बाजूला आणि बंद जागेत विजेची कोणतीही जोडणी नको, हे मी आधीच ठरवून टाकले होते. शेवटी डाव्या टोकाच्या कपाटाच्या माथ्यावर, मीटरपासून सर्वांत दूर, दोन्ही बाजूंनी मोकळ्या असलेल्या जागेत त्याला स्थान मिळाले. खाली हवा जावी म्हणून तो छोट्या ठोकळ्यांवर उचलून स्क्रूने पक्का केला, आणि टर्मिनलवर झाकण येणारा प्रकार मुद्दाम घेतला, कारण उबदार जागा झुरळांना प्रिय असते आणि त्यांच्यापासून आमच्या इमारतीतले एकही स्वयंपाकघर मुक्त नाही.

२३० व्होल्टच्या बाजूचे काम मी स्वतः केले नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार दिवा, फ्यूज किंवा स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता मांडणीतली भर परवानाधारकाकडूनच करून घ्यावी लागते, आणि नवीन पॉइंट काढणे ही भरच आहे. वायरमनदादांनी जुन्या बोर्डापासून वेगळ्या पाइपातून १.५ चौरस मिलिमीटरच्या वायर वर नेल्या, फेज स्विचमधून घेतला आणि ड्रायव्हर प्लॅस्टिकच्या आवरणाचा, दुहेरी इन्सुलेशनचा असल्यामुळे त्याला अर्थिंग लागत नसतानाही हिरवी वायर तिथपर्यंत आणून कनेक्टरमध्ये बंद करून ठेवली. पुढे कोणी धातूच्या पेटीचा ड्रायव्हर बसवला तर ती लागेलच. अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळीला, म्हणजे स्ट्रिप जिच्यात बसते त्या प्रोफाइललाही, ती जोडावी का, असे त्यांनी विचारले. या प्रकारच्या मांडणीत डीसी बाजू अर्थिंगपासूनही अलग ठेवायची असते, म्हणून प्रोफाइल तशीच ठेवली.

काम सुरू करण्यापूर्वीची एक गोष्ट मात्र प्रत्येक इन्व्हर्टर असलेल्या घराने लक्षात घेण्यासारखी आहे. स्वयंपाकघराचा दिवा आमच्याकडे इन्व्हर्टरवर आहे. डीबीमधला एमसीबी खाली केला, तेव्हा इन्व्हर्टरला वीज गेल्यासारखे वाटले आणि त्याने निमूटपणे बॅटरीवरून तोच पॉइंट पुन्हा जिवंत ठेवला. म्हणून आधी इन्व्हर्टर त्याच्या बटनावर बंद करून त्याचे आउटपुट सोडवले आणि नंतर मेन खाली केला. तपासणी निऑनच्या टेस्टरवर न सोपवता मल्टीमीटरने केली. मीटर प्रथम जिवंत सॉकेटमध्ये लावून चालतो आहे हे पाहिले, मग बंद केलेल्या पॉइंटवर शून्य वाचले, आणि वीज परत आल्यावर पुन्हा त्याच सॉकेटमध्ये त्याची खातरजमा केली, म्हणजे मधल्या काळात मीटरच बिघडला असण्याची शंका उरत नाही.

पलीकडची बाजू माझी होती. २४ व्होल्टची स्ट्रिप ठरावीक खुणेवरच कापता येते. मीटरला १२० दिव्यांच्या आमच्या स्ट्रिपवर अशी खूण दर ५ सेंटिमीटरला होती. सिलिकॉनचा थर असलेला प्रकार घेतल्यामुळे टोकाचा थर ब्लेडने सोलून तांब्याच्या चकत्या उघड्या केल्या आणि लाल वायर अधिक खुणेला, काळी उणे खुणेला डाग देऊन जोडली. हे सगळे डाग जेवणाच्या टेबलावर बसून दिले, शिडीवर चढून मान वर करून नव्हे. वर पाहत दिलेला डाग कधी नीट बसत नाही आणि वितळलेले शिसे-कथील चेहऱ्यावर येण्याचा धोका राहतो. जोडावर आकसणारी स्लीव्ह चढवून तिला ऊब दिली, उघडे टोक सिलिकॉनने बुजवले आणि स्ट्रिप टेबलावर सरळ पसरून रात्रभर चालू ठेवली. गुंडाळलेल्या स्थितीत ती जास्त वेळ लावू नये, कारण आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही. सकाळी ड्रायव्हरपाशी २४.१ आणि डाव्या शाखेच्या टोकाला २३.७ व्होल्ट मिळाले. सर्व जोड बोटाने चाचपले असता कुठेही स्ट्रिपपेक्षा वेगळी ऊब लागली नाही.

स्ट्रिप थेट प्लायवूडला चिकटवण्याचा मोह अनेकांना होतो. फोडणीच्या तेलाचा थर कितीही पुसला तरी प्लायवूडच्या लॅमिनेटवर राहतोच, त्यामुळे मागची चिकटपट्टी काही महिन्यांत सुटते आणि स्ट्रिप लोंबकळू लागते. अ‍ॅल्युमिनियमची प्रोफाइल एलईडीची उष्णता वाहून नेते, स्ट्रिपला आधार देते आणि तिच्यावरचे दुधी झाकण पुसता येते. तरीही प्रोफाइल आतून स्पिरिटने पुसूनच स्ट्रिप चिकटवली. कपाटाचे बूड १८ मिलिमीटरचे असल्याने १२ मिलिमीटरचे स्क्रू वापरले, म्हणजे टोक आत डब्यांच्या जागेत निघत नाही. वायर आरपार नेण्यासाठी पाडलेल्या प्रत्येक भोकात रबरी बुश घातला, नाहीतर लॅमिनेटची धार वर्षानुवर्षे वायरला घासत राहते. भिंतीच्या टाइल्समध्ये एकही भोक पाडले नाही. बोर्डाच्या सरळ वर आणि आडव्या रेषेत दडलेल्या वायरी असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, आणि आमच्या ओट्यावर तर तिथेच गॅसचा पाइपही जातो.

प्रोफाइल भिंतीलगत न लावता कपाटाच्या पुढच्या कडेशी, पट्टीच्या आड लावली आणि तिचा रोख किंचित मागे ठेवला. मागे लावली असती तर टाइल्स उजळल्या असत्या आणि चिरण्याची जागा अर्धवट राहिली असती. आमचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा असून त्याला आरशासारखी चकाकी आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आईला त्यात उमटणारे दिव्यांचे ठिपके सहन होत नाहीत, म्हणून दुधी झाकण अनिवार्यच होते. रंगाच्या बाबतीत ४००० केल्विनचा उजेड निवडला आणि रंगदर्शनाचा निर्देशांक ९० च्या वर आहे हे पाहून घेतले. मेथीची पिवळी पडलेली पाने आणि हिरवी पाने यांतला फरक, किंवा फोडणीत हळद करपते आहे की नाही, हे स्वस्त पांढऱ्या उजेडात नीट कळत नाही.

शेगडीच्या वर चिमणीचा स्वतःचा दिवा आहे, तेव्हा दोन्ही बाजूंच्या प्रोफाइल तिच्या अलीकडेच थांबवल्या. सिंकच्या डोक्यावर स्ट्रिप नेण्याची आईची इच्छा होती, पण तिथले शिंतोडे आणि सिंकशेजारी भांडी निथळत ठेवण्याची आमची सवय पाहता मी प्रोफाइल सिंकच्या कडेपाशीच संपवली आणि तिचे टोक त्या बाजूला उघडे राहणार नाही अशी वायर उलट दिशेने आणली. रात्री पाणी प्यायला उठल्यावर मंद उजेड मिळावा म्हणून डीसी बाजूला एक छोटा डिमर घातला. पंख्याच्या रेग्युलेटरसारखा डिमर ड्रायव्हरच्या आधी, २३० व्होल्टच्या बाजूला लावू नये. तशी सोय नसलेला ड्रायव्हर त्याने लुकलुकतो, आणि तसाच राबवला तर खराबही होतो.

मे महिन्याच्या उकाड्यात दिवे सलग काही तास चालू ठेवून ड्रायव्हरच्या ‘टी-सी’ खुणेवर, म्हणजे आवरणाचे तापमान मोजण्यासाठी नेमलेल्या जागी, तापमान मोजले. तिथे कमाल ७५ अंश छापलेले आहे. मीटरच्या प्रोबवर ५२ आले. पावसाळा लागल्यावर वायरमनदादांना बोलावून दोन्ही बाजूंच्या टर्मिनलचे स्क्रू वीज बंद करून पुन्हा तपासून घेतले, कारण बहुतारी वायर स्क्रूखाली काही काळाने दबून बसते आणि पकड ढिली होते. ड्रायव्हरच्या २३० व्होल्टच्या बाजूचा एक स्क्रू पाव फेरा फिरलाच. त्याच वेळी डाव्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. त्यावर ड्रायव्हरची जागा, २४ व्होल्ट डीसी, दोन्ही शाखांचे वॅट, फ्यूजचा आकडा, कोणता एमसीबी खाली करायचा आणि त्याआधी इन्व्हर्टर बंद करायचा, एवढे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, आणि खाली जादा फ्यूजची पुडी टाचलेली आहे.